सासू-सुनेची दोन उत्तरं

कोल्हापूर, बुधवार, ११ जानेवारी १९७८

आज गारगोटीजवळच्या एका घरी कुटुंबाच्या पाहणीला गेले होते. परत आल्यापासून तेच डोक्यात आहे. तिथल्या सासूबाईंना पाहणीतला नेहमीचा प्रश्न विचारला, "वर्षभरात घरची परिस्थिती सुधारली, तशीच राहिली की बिघडली?"

"बिघडली. लिव्ह," म्हातारी म्हणाली. "पोरानं येगळी चूल मांडली."

भिंतीपलीकडून सून म्हणाली, "माझं सुधारली म्हणून लिवा, बाई. येगळी चूल झाली की."

कारण एकच, वेगळी चूल. मी लिहिणार काय? मग आठवलं, आमच्या नियमानं चूल वेगळी म्हणजे कुटुंब वेगळं. दोन तक्ते भरले आणि सुटले. सुटले कसली, दोघींनीही जेवायला बसवलं. आधी इकडे पिठलं-भाकरी, मग पलीकडे तांबडा रस्सा.

निघताना म्हातारीनं अंगणात गाठलं. हळूच विचारलं, "तिकडचा रस्सा कसा हुता?"

"फार छान होता."

"असणारच की. माझ्याच हाताखाली शिकलीया." मग म्हणाली, "माझं ते बिघडली खोड. तशीच हाय, असं लिव्ह."

तिथंच उभ्या उभ्या खोडलं. सुनेनं ऐकलं असावं, कारण पलीकडून तिनं विचारलं, "आत्याबाई, वाटीभर रस्सा आणू व्हय?"

म्हातारीनं माझ्याकडे बघायचं टाळलं. "आण," म्हणाली.

आता 'सुधारली' करायला पुन्हा जावं लागतंय की काय, कोण जाणे.