मास्क कोणी काढला

४ एप्रिल
दाजींना कमरेखाली काहीच कळत नाहीये. ते आत दवाखान्याच्या प्रेशर चेंबरमध्ये, मी बाहेर बाकावर. अक्षर वाकडंतिकडं येतंय.

क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. बोटीचा नांगर खाली खडकात अडकला. तीस मीटर. तो सोडवायला दाजी तिसऱ्यांदा खाली गेले, हवा संपत आली म्हणून घाईने वर आले. दहा मिनिटांत खांदा ठणकायला लागला, बोटांना मुंग्या. आडवं केलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, मिनिटाला पंधरा लिटर. सगळं अगदी पुस्तकात असतं तसं! वीस मिनिटांत मुंग्या गेल्या. स्कूबासाठी आलेली नऊ गिऱ्हाइकं मोबाईल रोखून उभी. मी म्हणालो, "दाजी, बरं वाटतंय ना? मग काढा आता. लोक घाबरतायत."

नव्या माणसांना दर महिन्याला मीच शिकवतो — कितीही बरं वाटलं तरी दवाखान्यात पोचेपर्यंत मास्क काढायचा नाही, पुन्हापुन्हा खोल जाऊन घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, ते बरं वाटलं म्हणून कुठे जात नाहीत. वर दोन विनोदही करतो.

धक्क्यावर पाय ठेवला आणि दाजी मटकन खाली बसले.

४ एप्रिल, संध्याकाळ
डॉक्टरबाईंनी विचारलं, ऑक्सिजन मध्येच का थांबवला? दाजीच बोलले, "मीच काढला. जीव घुसमटला माझा." ताई शेजारीच उभी. म्हणाली, यांच्या डोक्यावर साधं हेल्मेट टिकत नाही, मास्क काय टिकणार!

मी गप्प. बोलण्याच्या जोरावर धंदा उभा केला, आणि गप्प!

५ एप्रिल
पुन्हा चेंबर. फरक नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघू." गिऱ्हाइकांचं 'बघू' मी वीस वर्षं ऐकतोय. त्याचा अर्थ मला कळतो.

६ एप्रिल
भीती वाटते. बस.

७ एप्रिल
उजवा अंगठा हलला! डावा नाही. ताई दाजींना सारखी टोचते — मास्क ठेवला असता तर, मास्क ठेवला असता तर. ते मुकाट्याने ऐकतात. मला ते ऐकवत नाही. ती औषधं आणायला गेली तेव्हा म्हणालो, सांगून टाकतो तिला.

"गप रे," दाजी म्हणाले. "माझ्यावर महिनाभर चिडेल. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

८ एप्रिल
सांगितलं. कॅन्टीनमध्ये, एका दमात. ताई चहा ढवळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्कचं कळलं. आणि तिसऱ्यांदा खाली पाठवलं कोणी?"

ते मी या वहीतही लिहिलं नव्हतं.