युग्मनजाची व्युत्पत्ती

३ मार्च

आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकाची मुद्रिते तपासावयास आली. पहिल्याच पानावर 'युग्मनज'! अस्मादिकांच्या मुद्रितशोधक-कारकिर्दीत इतका अपरिचित उपटसुंभ प्रथमच भेटला. सौभाग्यवतींस पृच्छा केली. पोटात सुई टोचून घेता घेता उत्तरल्या, "अहो, झायगोट! स्त्रीबीज आणि पुंबीज मिळून होतो तो. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. तुम्ही तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यातले ऱ्हस्व-दीर्घ बघत होतात."

सत्य आहे. पण उकार चुकलाच होता!

५ मार्च

कोशमंथन सफल! झायगोट मूळचा ग्रीक — अर्थ 'जुंपलेला'. त्यांचे 'झुगॉन' म्हणजे जू, आणि आपल्या संस्कृतातले 'युग' म्हणजेही जू. सख्खी भावंडे! युग्म, योग, आपले मराठी जू — सारे एकाच घरचे. हर्षवायू होणेच बाकी.

शुभवार्ता सौभाग्यवतींस निवेदन केली.

"जुवाला बैल दोन लागतात ना?"

"अर्थात!"

"मग एक बैल रोज टोचून घेतोय, अन् दुसरा कोशाचा रवंथ करतोय."

विधान निर्दोष. दुरुस्तीस वाव नाही.

६ मार्च

आजची सुई मी टोचली. "हलू नका!" — हे तिने मला सांगितले.

१२ मार्च

बीजे काढली. हा शेवटचा प्रयत्न, असे दोघांनी आधीच ठरवले आहे. ती गुंगीत. मी तक्त्याकडे पाठ करून बसलो.

१३ मार्च

प्रयोगशाळेचा दूरध्वनी — दोन जुळले! साक्षात दोन युग्मनज, काचेच्या ताटलीत! पाचव्या दिवसापर्यंत वाढले, तर त्यातला एक गर्भाशयात ठेवणार. रात्री जेवताना जनुकांची वाटणी. नाक कोणाचे, कपाळ कोणाचे?

"काहीही घ्या, जीभ तेवढी तुमची नको. बाळ पहिल्याच दिवशी 'अस्मादिक' म्हणायचं!"

किती दिवसांनी हसली!

१५ मार्च

एक थांबला. दुसरा वाढतो आहे. मुद्रिते तशीच पडून.

१७ मार्च

दुसराही थांबला.

तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "खूप ओढलं हो आपण. आता जू उतरवू या."

मी तिची मान चेपून दिली. मग तिने माझी.