गुरुवारचे सॉसेज रोल

९ डिसेंबर, सोमवार

आज दुपारी सगळं बदललं. नक्की कधी, तेही सांगतो – इरावतीनं गरम सॉसेज रोल दातानं तोडला, आतलं चीज लांबलं, तार तुटेना, आणि ती तशीच हसत माझ्याकडे बघून म्हणाली, "विकी? तू?" बस. त्याच्या आधीचा मी वेगळा, नंतरचा वेगळा.

कॉलेज सोडल्यापासून तिला पाहिलं नव्हतं. वर्गात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वेणीकडे बघत मी अख्खं एक सेमिस्टर घालवलंय. आज ती ख्रिसमसचा केक सांगायला चारकोपच्या आमच्या गाळ्यावर आली. आमच्या म्हणजे फिलोमीना आंटीच्या. आंटी राहते आय.सी. कॉलनीत, बेकरी इथे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. डिसेंबर लागला की सगळ्या पार्ट्यांचं खाणं इथूनच जातं. मी ओव्हनमधून ट्रे काढत होतो. डोक्याला जाळी, नाकावर मैदा! आणि आंटीला तेव्हाच सुचलं – "टेस्ट कर गं, यानंच केलेत."

"तू केलेस? खोटं!"

"मग दुसरा खा."

दुसरा खाल्ला. डोळे मिटून. ओव्हनची ऊब, बाहेर थंडीतलं कोवळं ऊन, आणि ती डोळे मिटून माझ्या हातचं खातेय. मला वाटलं, हा गाळा जमिनीवरून चार बोटं वर उचलला गेलाय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

ओट्यावरच्या मैद्यात बोटानं तिचं नाव लिहिलं. आंटी म्हणाली, "पीठ आहे ते, पाटी नाही. पूस."

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी ट्रेची वाट लावली. पफचं पीठ लाटलं, चौकोन कापले, सॉसेज तव्यावर परतलं आणि तसंच गरम गरम आत गुंडाळलं. घाई! ओव्हनमध्ये पिठातलं बटर आधीच वितळलं, पापुद्रे सुटलेच नाहीत. चीज फुटून ट्रेभर पसरलं. आंटी ओरडली नाही. नुसती म्हणाली, "सॉसेज आधी थंड होऊ दे. आणि तू पण हो रे बाबा थंड."

मी होतो का थंड? सरांच्या टेबलावर जर्नल आपटून जो वर्गाबाहेर पडलो तो परत गेलोच नाही, तो मी.

संध्याकाळी इरा आली. म्हणाली, केकचं विचारायला आले. केकला अजून अवकाश आहे हे तिलाही माहीत, मलाही. गोराईच्या जेट्टीपर्यंत गेलो. बोटी येत होत्या, जात होत्या. पाणी रंग नसल्यासारखं. ती म्हणाली, "परत अ‍ॅडमिशन घे ना रे."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

असं म्हणाली! गमतीत म्हणाली की खरं, ते कळायच्या आत बोटीचा भोंगा वाजला. मग दोघंही बोटीकडेच बघत बसलो. परत येताना रिक्षात तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. रस्त्यात खड्डे होते म्हणून असेल. बीएमसीनं ते कधीच बुजवू नयेत.

१५ डिसेंबर, रविवार

आई विचारते, "हसतोस काय एकटाच?" म्हटलं, काही नाही. "काही नाही म्हणणारे असे नाही हसत."

१८ डिसेंबर, बुधवार

बोलावलं! घरी बोलावलं!

"पुढच्या गुरुवारी आमच्याकडे कार्यक्रम आहे. आईच्या मैत्रिणी, बिल्डिंगमधल्या बायका, सगळ्या असतील. तू काहीतरी तुझ्या हातचं बेक करून आण ना. आई बघेल तरी तुला." – हे तिचे शब्द, जसेच्या तसे. आई बघेल तरी तुला. दिवसभर हेच चघळतोय.

पुढचा गुरुवार म्हणजे सव्वीस. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी. सुट्टीची पार्टी. मी डोळ्यांपुढे आणून बघितलं – बोरिवलीचा तिचा तिसरा मजला, हॉलमध्ये लायटिंग, मधल्या टेबलावर माझा ट्रे. एकेक बाई रोल उचलते, थांबते, विचारते, कुणी केलं हे? आणि इरा माझ्याकडे बोट दाखवते. बोट दाखवते, एवढंच. त्यापुढचं मला बघताच येत नाही, तिथेच चित्र उजळून जातं.

२२ डिसेंबर, रविवार

ऑर्डरींचा पूर आलाय. पण तिचा ट्रे वेगळा करणार. साधं चिकन सॉसेज नाही. आंटीच्या दारात दोरीला टांगलेली गोव्याची सॉसेजं असतात, लाल, माळेसारखी. ती सोडवून बारीक करायची, कांद्यावर परतायची. व्हिनेगर, लसूण, मिरची – वास असा, की रस्त्यावरचा माणूस मान वळवून बघेल. पूर्ण थंड करायचं. चीज किसायचं नाही, बोटाएवढे तुकडे कापून फ्रीजरमध्ये टाकायचे. मग पिठाच्या चौकोनात मसाला, त्यावर चीज, कडेला पाण्याचं बोट, घट्ट मिटायचं. वरून अंड्याचा हात, तीळ.

आज करून बघितले. पापुद्रे असे सुटले, फुंकर मारली तर उडतील! आंटीनं खाल्ला. लगेच दुसरा उचलला.

२५ डिसेंबर, बुधवार

मेरी ख्रिसमस. सबंध दिवस डिलिव्हरी. प्रत्येक दाराची बेल वाजवली की वाटायचं, तीच उघडेल.

२६ डिसेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

नवा शर्ट घातला होता. ट्रे गरम, वर फॉइल. तिसरा मजला, दार सताड उघडं, बाहेर चपलाच चपला. म्हटलं, वा, पार्टी जोरात आहे. आत गेलो. लायटिंग नव्हती. पाटावर कलश, कलशाला साडी नेसवलेली, देवीचा मुखवटा, गजरे, फळं, समई. बायका हळदीकुंकवाला बसलेल्या. आणि इरा! साडीत! माझं बाकी कशाकडे लक्षच गेलं नाही. खरंच नाही गेलं. मी नुसता बघत राहिलो.

नीलाकाकू – तिची आई – हसत पुढे आली. "तू विकी ना? ये, ये. काय आणलंस?"

मी फॉइल वर केलं. ऐटीत! "सॉसेज रोल, काकू. गोव्याचं सॉसेज आणि चीज."

वास हॉलभर गेला. ज्याच्यासाठी मी तीन वेळा मसाला बदलला, तोच वास. एका बाईनं पदर नाकाला लावला. कुणीतरी समईपाशी सरकलं, मध्ये आडोसा केल्यासारखं.

"अरे देवा! आज? उद्यापनाला?" पदरवाली बाई म्हणाली.

इरा धावत आली. दातांवर दात ठेवून म्हणाली, "मार्गशीर्षातला गुरुवार आहे! शेवटचा! तुला माहीत नाही?"

"तू कुठे सांगितलंस?"

"हे काय सांगायचं असतं? सगळ्यांना माहीत असतं!"

"त्या सोमवारी तर तू स्वतः खाल्लेस!"

"सोमवार होता तो!"

नीलाकाकू रागावली नाही. मऊ आवाजात म्हणाली, "असू दे गं. बाळा, तो ट्रे तेवढा बाहेर ठेव हं. चपलांपाशी." तो मऊ आवाजच जास्त लागला.

मी म्हटलं, "काकू, सॉरी. आमच्याकडे मार्गशीर्ष नाही करत."

पदरवाल्या बाईनं लगेच मान वर केली. "नाही करत म्हणजे? आडनाव काय रे तुझं?"

सहज विचारल्यासारखं. आणि माझ्या आधी इरा बोलली. खूप भरभर बोलली. "काकू, तो ख्रिश्चन बेकरीत असतो ना, दिवसभर तिथेच, म्हणून लक्षात नाही राहिलं त्याच्या."

खिल्लारे. माझं आडनाव खिल्लारे. आमच्या भिंतीवर बुद्ध आहे आणि बाबासाहेब आहेत, आमच्याकडे कलश मांडत नाहीत. तीन अक्षरं, तोंडातून बाहेर पडायला कितीसा वेळ लागतो? मी बोललो नाही. मी! जर्नल आपटणारा मी! तिच्या चेहऱ्याकडे बघितलं – ती जमिनीकडे बघत होती.

ट्रे उचलला. लिफ्टची वाट बघितली नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

तिचे फोन येताहेत. नाही उचलणार.

रोल घरीच आणले होते. आई-पप्पांनी चहाबरोबर खाल्ले. पप्पा म्हणाले, "मिरची बरोबर पडलीय." आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं काढून घेतलं माझ्याकडून. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तू विचारलंस का, कसला कार्यक्रम?"

"नाही."

"तिनं सांगितलं?"

"नाही."

"दोघंही हुशार!" मग वाटी धुताधुता, "आडनाव मात्र तू सांगायचं होतंस, विक्या. ते तिचं काम नव्हतं."

चिडून उठलो. खरं बोलली म्हणून चिडलो.

२८ डिसेंबर, शनिवार

इरा गाळ्यावर आली. आंटी म्हणाली, मी जरा यीस्ट बघून येते. यीस्ट समोरच होतं.

"फोन का नाही उचलत?"

"ख्रिश्चन बेकरीत असतो ना. लक्षात नाही राहिलं."

"मी तुला वाचवत होते, विकी. तुला माहीत नाहीत त्या बायका. आडनाव ऐकलं असतं की पुढचं सगळं –"

"मला वाचवत होतीस की स्वतःला?"

मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. म्हटलं, "माझे रोल चालतात. जेट्टी चालते. परत अ‍ॅडमिशन घेतलेला विकी चालेल. खिल्लारे चालत नाही. असंच ना?"

"ओरडू नकोस."

"ओरडणारच!"

तिचे डोळे भरले. पण रडली नाही. तिनं ओढणीला लागलेला ओट्यावरचा मैदा झटकला, नीट, पुन्हा पुन्हा, लागला नव्हता तिथेही. मग म्हणाली, "तू पण तर गप्प बसलास." आणि गेली.

गेल्यावर मी पूर्ण एक ट्रे जाळला. आंटी खिडकी उघडत म्हणाली, "अजून गरमच आहेस."

३० डिसेंबर, सोमवार

स्वप्नात तिच्या हॉलमध्ये होतो. समई होती आणि माझे रोलही होते, शेजारी शेजारी, कुणालाच काही वाटत नव्हतं. पापुद्रे उडत होते, पांढरे, हळूहळू, सगळ्यांच्या केसांवर बसत होते. ती बदामी साडीत. पदरवाली बाई मला विचारते, आडनाव काय? मी सांगतो. ती म्हणते, अस्सं, आणि रोल उचलते. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी झोपेत रडत होतो म्हणे. आईनं सांगितलं.

उठून कामाला गेलो. एकतीसच्या ऑर्डरी. मार्गशीर्ष आजच संपतोय, उद्या सगळे तुटून पडतील. आंटी हसते – "तुम्ही मराठी लोक भूक बघून जेवत नाय, कॅलेंडर बघून जेवता!" आज पहिल्यांदाच कुठलाही ट्रे करताना इरा कुठे बसून खाईल याचा विचार केला नाही. म्हणजे केला. पण उशिरा केला.

३१ डिसेंबर, मंगळवार

आताच फोन आला. या वेळी उचलला.

"आईला सांगितलं. तुझं नाव, आडनाव, मला तू आवडतोस ते. सगळं."

"मग?"

"कणीक मळतेय. केव्हाची मळतेय."

"आणि बाबा?"

"ते ऑफिसमधून यायचेत. संध्याकाळी गच्चीवर बिल्डिंगची पार्टी आहे. सगळे असतील. त्या काकूपण. मी तुला माझ्याबरोबर नेणार आहे."

मूर्खासारखं विचारलं, "काय करून आणू? मंगळवार आहे, अंडं तरी चालेल का –"

ती हसली. रडत होती, तरी हसली. "काही करू नकोस. हात हलवत ये."

आईला सांगितलं, कुठे चाललोय ते, खरं खरं. ती म्हणाली, केस नीट कर. केले. हातात काही नाही, खांद्याला काही नाही, चुकल्या चुकल्यासारखं होतंय. वही गादीखाली ठेवतो, निघतो, दार ओढून घेतो.