ताई, भाऊजी सापडले

प्रिय ताई,

सगळं ठीक आहे, हे आधी सांगते. फोन उचलला की तू पहिल्यांदा तेच विचारायचीस. बाकीचं मग निवांत ऐकायचीस.

गाडीतून लिहितेय. खिडकीपाशी भाऊजी झोपलेत, तोंड उघडं टाकून. मधूनच समुद्र दिसतो, मग बोगदा येतो आणि तो जातो. ओसाका यायला अजून बराच वेळ आहे, तिथून पुढे आमचं कोबे. आज सकाळी जे झालं ते घरी गेल्यावर विवेकला सांगेन, पण अर्धंच. केतकीला सांगेन, पण जपून. सगळं जसंच्या तसं सांगावं असं माझं माणूस एकच होतं. म्हणून तुलाच लिहितेय.

आज सकाळी भाऊजी माझ्या हातून हरवले होते. आणि मला वाटलं, ते मुद्दाम हरवलेत.

थांब, नीट सांगते.

तू गेल्यावर केतकी पुण्याहून दर शनिवारी ठाण्याला जायची. एकदा तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे बोलाव. मला भीती वाटते." घराच्या खिडक्या बंद असायच्या. डबा तसाच परत जायचा. लॉकरची चावी त्यांनी तिच्या हातात ठेवली होती आणि गॅलरीतल्या तुझ्या कुंड्या शेजारच्या काकूंना देऊन टाकल्या होत्या. काकूंनी विचारलं, परत कधी आणून ठेवू, तर म्हणाले, राहू द्या तुमच्याकडेच. केतकीला त्या 'राहू द्या'नं झोप लागेना. मलाही लागली नाही.

ते आले. विमानतळावर इतके बारीक दिसले की मी आधी दुसऱ्याच कुणाला तरी हात केला.

खरं सांगू? तुझ्या नवऱ्याशी काय बोलायचं हे मला कळत नव्हतं. इतकी वर्षं आमच्यातलं सगळं बोलणं तूच केलंस. मी फोनवर विचारायचे, भाऊजी कसे आहेत, आणि ते शेजारी बसलेले असताना उत्तर तू द्यायचीस. त्यांना काय आवडतं, काय खुपतं, सगळं तुझ्याकडून. असं का केलंस गं? आता तू नाहीस, तर आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून मीठ पुढे सरकवत होतो. आमची ईरा त्यांच्याशी मराठीत सुरुवात करायची आणि जपानीत संपवायची. ते मान डोलवायचे. तिच्याशी तेवढं तरी चालायचं.

मग एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "नंदाचा तो धबधबा राहिला."

आठवतंय ना? तुम्ही दोघं आलात तेव्हा नाचीला जायचं सगळं ठरलं होतं आणि वादळानं गाड्या बंद पडल्या. तू दोन दिवस खिडकीशी बसून आभाळाशी भांडलीस. मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली ती अशी.

विवेकला सुट्टी नव्हती. मी पाळणाघरातल्या कामावरून रजा घेतली आणि आम्ही दोघंच निघालो. कुमानोची ती जुनी यात्रेची वाट. सगळी चालायची तर कित्येक दिवस लागतात, आणि माझा गुडघा तुला माहीत आहे. म्हणून थोडी वाट पायी, बाकी बसनं. पहिल्या दिवशी होंगूच्या मोठ्या देवळाकडे उतरणारी वाट घेतली. काय सांगू तुला! सरळसोट सुगीची झाडं, म्हणजे इथला देवदारच, खाली ओलं शेवाळ, आणि वळणावळणावर इवलीशी देवळं. देव्हाऱ्याएवढीच. कुणी समोर संत्रं ठेवलेलं, कुणी पाण्याचा पेला. भाऊजी हात मागे बांधून माझ्यापुढे चालत होते. प्रत्येक देवळाशी थांबायचे, टोपी काढायचे, नमस्कार करायचे आणि पुन्हा निघायचे. माझ्याशी एक शब्द नाही.

मुक्कामाच्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे. पाणी असं उकळतं की लोक जाळीच्या पिशवीत अंडी आणि रताळी घालून सोडतात आणि शेजारी गप्पा मारत बसतात. आम्हीही रताळी सोडली. भाऊजींनी एक सोललं, फुंकर घातली आणि इतक्या आवडीनं खाल्लं की मी बघतच राहिले. त्यांनी वर पाहिलं. माझी नजर त्यांना दिसली आणि हातातला उरलेला तुकडा त्यांनी सालीवर ठेवून दिला. दुसऱ्याला हात लावला नाही. मी म्हटलं, घ्या ना. म्हणाले, नको, झालं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

आज सकाळी नाचीला पोचलो. बस खाली सोडते आणि मग दगडी पायऱ्यांची चढण लागते, दोन्ही बाजूंना झाडं, बुंधे एवढे की दोघांनी कवेत घ्यावेत. अर्ध्यावर माझ्या गुडघ्यानं संप केला. मी बाकावर बसले आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. वर लाल कमानीपाशी थांबा." ते गेले.

मी वर आले तर कमानीपाशी कुणी नव्हतं.

आधी वाटलं, देवळात असतील. देवळात नव्हते. शेजारीच बुद्धाचं मंदिर आहे, तिथेही नाही. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर वाट पाहिली. फोन करायचा तर त्यांचा फोन इथे चालतो तो माझ्या पर्समधल्या वायफायच्या डबीवर. ताईत विकणाऱ्या मुलीला विचारलं, राखाडी स्वेटर, पांढरी टोपी, भारतीय गृहस्थ. तिनं पाहिलं नव्हतं. पुढे तीन मजली लाल पॅगोडा आहे, तिकडचा माणूस मात्र म्हणाला, हो, पाहिलं. बराच वेळ कठड्याला धरून समोरच्या धबधब्याकडे बघत उभे होते. मग एकटेच खाली गेले, धबधब्याच्या बाजूला.

ताई, तो कठडा मी पाहिला. समोर एवढा मोठा कडा आणि त्यावरून सरळ कोसळणारं पाणी. मला लॉकरची चावी आठवली. कुंड्या आठवल्या. 'नंदाचा तो धबधबा राहिला' हे वाक्य आठवलं. त्यांनी इथे यायचं आपणहून का सुचवलं? मी किती खूश झाले होते, की चला, काहीतरी मागितलं!

त्या पायऱ्या मी कशा उतरले मला माहीत नाही. गुडघा होता की नव्हता कळलं नाही. वाटेत तुझ्यावर ओरडत होते, मनातल्या मनात. म्हटलं, हे माणूस माझ्या गळ्यात घालून तू गेलीस, आता केतकीला मी काय सांगू?

खाली धबधब्यासमोर फक्त एक कमान आहे, मूर्ती नाही, गाभारा नाही. इथे पाणी हाच देव. एक जपानी जोडपं हात जोडून उभं होतं. भाऊजी नव्हते. मी कठड्याशी गेले आणि खाली, खडकांमधल्या पाण्यात पाहिलं. शोधत होते मी, ताई. स्वेटरचा रंग शोधत होते. हे मी दुसऱ्या कुणाला कधीही सांगणार नाही.

पाण्यात काही नव्हतं. मी पुन्हा वर रस्त्याकडे आले, पोलिसांना फोन करायचा म्हणून. रस्त्याच्या कडेला एक छोटं दुकान आहे, चहा आणि प्रसादाच्या वस्तूंचं. आतून मराठी ऐकू आलं.

"नको नको, एवढं घट्ट नको हो."

आत भाऊजी स्टुलावर बसले होते. समोर चहा. दुकानाच्या आजी खाली बसून त्यांच्या बुटाला सुतळी बांधत होत्या. बुटाचा तळ पार सुटून आला होता. आजी जपानीत काहीतरी बोलत होत्या, भाऊजी मराठीत, आणि दोघंही हसत होते. हसत होते, ताई! मी दारात उभी राहून रडायला लागले.

आजी घाबरल्या. आधी मला खुर्ची, मग चहा. भाऊजी सांगू लागले की वरून धबधबा दिसला आणि राहवलं नाही, म्हटलं तू येईपर्यंत पटकन बघून येतो. पायरीवर बूट फाटला, परत चढता येईना. या बाईंना किती वेळा सांगितलं, मंजू-सान, मंजू-सान, वर आहे. त्या प्रत्येक वेळी मान हलवून अजून चहा ओततात.

मग ते बोलता बोलता थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं त्यांनी. आजी आत गेल्यावर हळूच विचारलं, "तुला काय वाटलं, मंजू?"

मी धबधब्याच्या दिशेनं पाहिलं.

"ठाण्याला आलं होतं मनात," ते म्हणाले. "एकदा नाही, दोन-तीनदा. खोटं कशाला बोलू? सकाळी उठायचं ते कशासाठी, तेच कळत नव्हतं."

"आणि आता?"

ते बुटाची सुतळी बोटानं चाचपू लागले.

"आता भूक लागते," ते म्हणाले. "तुझ्याकडे आल्यापासून लागायला लागली. झोप येते. काल ते रताळं खाल्लं आणि अजून एक खावंसं वाटलं. नंदा नाही आणि मला रताळं गोड लागतंय. तू बघत होतीस. लाज वाटली गं."

म्हणून ते गप्प होते! आम्ही सगळे समजत होतो की त्यांना काहीच नको झालंय. आणि हे इतके दिवस, बरं वाटायला लागलंय हे आमच्यापासून लपवत होते.

मी म्हटलं, "भाऊजी, ताई असती तर दुसरं रताळं तिनं सोलून तुमच्या हातात दिलं असतं. आणि संपवेपर्यंत उठू दिलं नसतं."

त्यांनी मान हलवली. मग डोळे पुसले. मग मी कुंड्यांचं विचारलं, कारण तो काटा काढल्याशिवाय मला राहवेना. म्हणाले, "अगं, माझ्या हातून मरत होत्या त्या. पाणी घालायचं लक्षातच राहायचं नाही. काकू बघतील तरी." झालं. एवढंच होतं ते. केतकीनं आणि मी त्यावर किती रात्री जागवल्या!

सुतळी बांधलेल्या बुटानं आम्ही पुन्हा खाली उतरलो, या वेळी त्यांचा हात माझ्या दंडाला. ते धबधब्यासमोर खूप वेळ उभे राहिले. मी जरा लांब थांबले, म्हटलं काय बोलायचं ते तुझ्याशी बोलू देत. परत आले तेव्हा चेहरा शांत होता. म्हणाले, "तिला आवडलं असतं. पण आधी पायऱ्यांना नावं ठेवली असती." खरंय की नाही?

बाजूला एका दगडी ड्रॅगनच्या तोंडातून धबधब्याचं पाणी येतं. मातीच्या पसरट वाटीत घेऊन लोक ते पितात. भाऊजींनी पाटीकडे बोट दाखवलं. काय लिहिलंय, वाच.

मी क्षणभर अडखळले. मग खरं तेच सांगितलं. हे पाणी प्यायलं की आयुष्य वाढतं.

त्यांनी वाटी घेतली. भरली. दोन्ही हातांनी धरून सगळी प्यायले. मग मिशा पुसून म्हणाले, "थंड आहे. केतकीसाठी थोडं बाटलीत नेता येईल का, विचार."

विचारलं. न्या म्हणाले. बाटली माझ्या पिशवीत आहे.

स्टेशनवर त्यांनी स्वतःहून केतकीला फोन लावायला सांगितलं. मी वायफायची डबी दिली आणि लांब जाऊन उभी राहिले. बरंच बोलले. काय बोलले ते विचारलं नाही. डबी परत देताना एवढंच म्हणाले की तिला सांगितलं, सगळं सांगितलं, ती रडली आणि मग हसली. पुढच्या महिन्यात घरी जायचं म्हणतात. खिडक्यांना जाळ्या बसवून घ्यायच्या आहेत, डास फार येतात म्हणे.

ताई, मला माहीत आहे, दुःख एका धबधब्यानं धुऊन जात नाही. ठाण्याच्या घरात पुन्हा एखादी सकाळ वाईट येईल. म्हणून तुला एक शब्द देते. दर रविवारी मी त्यांना फोन करीन, आणि केतकीकडून नाही, त्यांच्याकडूनच त्यांची खुशाली घेईन. ते कधी पुन्हा तसं काही बोलले, तर "असं बोलू नये" म्हणून त्यांचं तोंड बंद करणार नाही. ऐकून घेईन, सगळं. गरज पडली तर पहिल्या विमानानं येईन. तू इतकी वर्षं त्यांच्याजवळ होतीस, आता जरा टेक. त्यांची काळजी आता मी घेतली.

तुझी धाकटी,
मंजू