सात नंबरच्या मुठीवरची पट्टी

प्रिय डावरे,

परवा दुपारी तुझ्या गोल्फच्या सात नंबरच्या काठीवरची पट्टी मी उलगडली आणि वर्षभर पोसलेला माझा राग तिथेच मेला. मुरगळलेल्या पायाला बांधतात तसली साधी पट्टी. एक थर निघाला, खाली दुसरा, त्याखाली आणखी एक. सगळ्यात खाली मीच चढवलेली रबराची मूठ, बारीक, नवी कोरी. तुझ्या भावाने सगळा संच मामाच्या दुकानात टेबलावर ठेवला होता आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला होता. मामाने ती पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "हिने जाड मूठ मागितली होती ना? मग या काठ्या तू कोणासाठी केल्यास रे, शहाण्या?"

तुझ्यासाठीच केल्या होत्या. फक्त माझ्या डोक्यात जी होतीस त्या तुझ्यासाठी.

आठवतं का, कॉलेजच्या मैदानावर तू वडिलांच्या कापून आखूड केलेल्या काठ्या घेऊन यायचीस, त्याही उजव्या हाताच्या, आणि तू डावरी, म्हणून उलट्या धरून चेंडू मारायचीस. मी म्हटलं, दुसऱ्याच्या चपला घालून किती दिवस पळणार? तुला मामाच्या दुकानात आणलं, भिंतीला उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरली. "शिंपी आहेस की काय?" म्हणालीस. तुझा फटका असा सणसणीत होता की मामाने पहिल्याच चेंडूला मान डोलावली आणि कडक दांडे काढून दिले. तुझी बोटं लांब, म्हणून मूठ बारीक. ते माप मला जे पाठ झालं ते झालंच. अभ्यासातलं काही असं कधी राहिलं नाही.

मग एक दिवस तू कँटीनच्या पायऱ्यांवर म्हणालीस, "आपलं पुरे झालं." कारण विचारलं तर म्हणालीस, कारण नाही. कारण नाही, म्हणजे दुसरा कोणीतरी आहे, एवढीच माझी अक्कल. परीक्षेत कोरा पेपर ठेवून उठलो तो कॉलेजात परत गेलोच नाही. आई रडली, बाबांनी बोलणं टाकलं, मामाने दुकानात घेतलं.

आणि गेल्या महिन्यात तुझा भाऊ आला. ताईला नवीन संच हवाय, म्हणे. सगळ्यात हलके, मऊ दांडे आणि होईल तेवढी जाड मूठ. असल्या काठ्या आम्ही ज्यांचे सांधे धरलेत अशा म्हाताऱ्यांना करून देतो. माझं डोकंच फिरलं. वाटलं, कोणा बड्या घरच्या पोराने तुला नाजूक करून ठेवलंय. "तुझ्या ताईचं माप मला शिकवू नकोस," म्हणालो आणि मामा गावाला गेलेला असताना जुन्याच मापाने संच बांधला. कडक दांडे, बारीक मूठ. पोरगं गप्प बसलं. आता कळतं, का.

परवा मी धावत बाहेर जाऊन त्याला गाठलं, कॉलर धरली. तो मला ढकलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "सोड रे. तिचा हात मिटत नाही. आता पायही अडखळतो. डॉक्टर पुढचं बोलतच नाहीत." मला सांगायचं नाही ही तू घातलेली शपथ मोडायला मी लावली, त्याला रागावू नकोस. तू माझ्या काठ्या लगेच परत पाठवल्या नाहीस. आधी पट्टी गुंडाळून गुंडाळून त्या धरायचा प्रयत्न केलास. हे मला सहन होत नाहीये.

मूठ जाड करायची तर पट्टी रबराच्या आत द्यायची असते, डावरे, वरून दिली की घसरते. मी काल एकच काठी बांधली. सात नंबरच. ग्राफाइटचा दांडा, इतका हलका की हातात काही आहे असं वाटत नाही. आत पट्टीचे थर देऊन वर मऊ मूठ. माप तुझ्या भावाने सांगितलेलं. मामाने ती तोलून पाहिली आणि आज जेवायच्या सुट्टीनंतर दुकान मी बघतो म्हणाला.

हे पत्र एवढ्यासाठी, की तू दार उघडणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून आधी हे दाराच्या फटीतून सरकवणार आणि बाहेर पायरीवर बसणार. ओरडणार नाही, दार वाजवणार नाही. कीव करायला आलेलो नाही. माप घ्यायला आलोय. ते बदलत जाणार हे मला कळलंय. जेव्हा बदलेल तेव्हा नवी बांधीन, आणखी हलकी, आणखी जाड. एक दिवस मूठ वळणारच नाही, तेव्हा टेप खिशात ठेवून नुसता बसेन. तोवर मला हाकलू नकोस. काठी पिशवीत घातली. मामा पानावर बसलाय, त्याने वर पाहिलं नाही. निघतो, दार ओढून घेतो.

तुझाच,
आग्या वेताळ