दुधाचा डबा

आई, तुले समताचा जयभीम.

मी बरी आहो. सातवा सरला, पायाची सूजही उतरली. पुढच्या महिन्यात बाळंतपणाले रोहिणखेडले येतेच. तुहा गुडघा कसा आहे?

काल दूध काढायचा पंप घ्याले गेली होती. तू म्हणत होती ना, "पुण्यात तुम्ही दोघंही ड्युटीवर, लेकराले पाहीन कोण? रजा संपली की बाळ माह्यापाशी ठेव अन् दूध एसटीनं पाठवत जा." मी बुलढाण्याले शिकत होती तव्हा तू कंडक्टरजवळ माहा डबा द्यायची, तसंच. मलेही ते जमन असंच वाटलं.

म्हणून विजेवरचा, भारीतला पंप हाती घेतला. दुकानातल्या बाईले सांगितलं, बाळ गावाले राहीन, मी इथं, गाडी रातभर चालते. तिनं विचारलं, फ्रीज आहे का? मी नाही म्हटलं. तिनं तो पंप माह्या हातून घेऊन परत ठेवला. मग म्हणाली, "इतक्या लांब दूध टिकणार नाही, ताई. तुम्हाला हातानं दाबायचा पुरेल. छाती भरून दुखायला लागली की काढायचं आणि टाकून द्यायचं."

तोच आणला. हलका आहे, पर्समध्ये मावते. तू जिवाले लावून घेऊ नको.

बाळाले पावडरचं दूध पाजशीन तव्हा माही साडी मांडीवर अंथरत जा. निघायच्या दिवशी अंगावरची काढून खुंटीवर ठेवून येईन. तेवढी धुऊ नको.

तुही,
समता