नंदूची ताई

१२ जाने. ८६, रवि.
नंदूला कंपनीत सुपरवायझर केलं. अंधेरीला रेडिओचे भाग जोडायचं काम, पस्तीस मुली हाताखाली. आईने शिरा केला. मी म्हटलं, पस्तीसपर्यंत मोजता येतं ना गं? आई हसली. नंदूही हसली, पण जरा उशिरा.
आठ वर्षांनी धाकटी माझ्याहून. दहावीला दोनदा बसली. मी शाळेत गणित शिकवते. मी हुशार, ती खुळी, हे घरात कधीचं ठरलेलं. तिलाही मान्य. होतं.

२ फेब्रु., रवि.
बोरिवलीहून पाहुणे. मुलगा माधव, ड्राफ्ट्समन. सोबत त्याची आई. कोणी काही विचारलं की नंदू आधी माझ्याकडे बघते, मग बोलते. आज बघितलं नाही. त्याने काम विचारलं तर घडाघडा सांगत सुटली. एक शब्द चुकला, मी सुधारला. तो म्हणाला, "त्यांना सांगू द्या ना."
अगदी सभ्यपणे. कान तापले.
पसंती कळवून गेले.

९ फेब्रु.
दोघं गोराईला जाऊन आली. नाक उन्हाने लाल. म्हणे, माधवला वाटतं मी फार छान समजावून सांगते. मी म्हटलं, त्याला तू अजून कुठे माहीत आहेस. पण पूर्वीसारखा तिचा चेहरा पडला नाही. नाकाला खोबरेल लावत बसली.

१४ फेब्रु., शुक्र.
माधवची आई मधल्या सुट्टीत शाळेत आली. एकटीच. तुम्ही शिकलेल्या, म्हणून तुम्हाला विचारते म्हणाली. काही असेल तर आताच कळलेलं बरं.
मी म्हटलं, "लहानपणी तिला फिट्स यायच्या."
यायच्या.
एकदाच आली होती. सहा वर्षांची होती, तापाने फणफणलेली. आई ते वर्षभर गावी, बाबा मिलमध्ये. जवळ मीच. मांडीवर धरून बसले होते, माझीच बोबडी वळलेली. बाबाही गेले आता. किती वेळा ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.
'एकदा आली होती' म्हणता आलं असतं. तेवढेच शब्द लागतात.
नंतर सातवी ब ला शेकडेवारी शिकवली. एकही चूक नाही.

१९ फेब्रु.
बोरिवलीचं कार्ड. पत्रिका जुळत नाही. नंदू रडली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, कितीतरी महिन्यांनी. मी केसांतून हात फिरवत होते. ती म्हणाली, ताई, मीच काहीतरी येडपटासारखं बोलले असेन, हो ना? मी म्हटलं, असेल.
बरं वाटलं. लिहायला नको, पण वाटलं.

२५ फेब्रु.
माधवने तिला कंपनीच्या गेटवर गाठून सगळं सांगितलं. कोण बोललं तेही.
घरी आली, चप्पल काढली नाही. "मला किती वेळा आली होती, ताई?"
आठवत नाही म्हटलं.
"तुला सगळं आठवतं. माझं सगळं तूच सांगत आलीस. मी खुळी, मी वेंधळी, मला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही. त्यातलं खरं किती गं?"
आवाज चढला नव्हता. दोन साड्या पिशवीत घालून मैत्रिणीकडे गेली. अंधेरीला. एकटी.
आई मला म्हणाली, "तू तिका कधी मोठी होवंक दिलंस नाय." एवढंच. मग तांदूळ निवडत बसली.

४ मार्च
आज हेडबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आईला सांगितलं. "बरा," म्हणाली. नंदू असती तर तीनदा सांगायला लावलं असतं, तोंड उघडं टाकून ऐकलं असतं.
जेवताना तिच्यावरची एक थट्टा ओठांवर आली. गिळली. चौतीस वर्षांची मी, घरात कोणाहून हुशार आहे आता?

८ मार्च, शनि.
माधवचं पत्र. डॉक्टरांना विचारलं त्याने. तापात एखाद वेळी येते मुलांना, त्याने पुढे काही होत नाही म्हणाले. वारंवार असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या आईला माझ्या तोंडून ऐकायचंय. उद्या चारला तिघं येणार. तो, त्याची आई आणि नंदू.
नंदू त्यांच्या बाजूने येणार. पाहुण्यासारखी.
आईने विचारलं, उद्या काय सांगतलंस? बघू म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
खरं सांगितलं तर लग्न होईल, ती जाईल. खोटंच रेटलं तर इथेच येईल, या घरात, पण माझ्याशी कधी बोलेल असं वाटत नाही. तरी येईल.
दुपारपासून आरशासमोर म्हणून बघतेय. 'एकदाच.' 'अधूनमधून.' दोन्ही माझ्या तोंडी सारखीच खरी वाटतात.